काचबिंदू : एका आकड्याची आणि एका नसेची हकीकत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजेरजवाडे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. शाळेत मी तोच इतिहास शिकवितो आणि परीक्षेत तोच विचारतो. परंतु रोगांनाही इतिहास असतो. एखादा रोग माणसाने कसा ओळखला, ओळखताना तो कुठे चकला, चूक कळायला किती वर्षे लागली, ही हकीकत लढायांच्या हकीकतीपेक्षा कमी रोचक नसते. या लेखात मी अशाच एका रोगाची हकीकत सांगणार आहे. त्याचे नाव काचबिंदू. आपल्या घरांतून त्याला काला मोतिया म्हणतात.

नावापासूनच घोटाळा सुरू होतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू, सफेद मोतिया आणि काला मोतिया, ही जोडनावे ऐकून दोन्ही एकाच आजाराचे भाऊ असावेत असे वाटते. वास्तविक त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे भिंग बसविले की गेलेली नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते, आणि झिजलेली नस आजपर्यंत कोणालाही परत जोडता आलेली नाही. फरक एवढा मोठा आहे. तरीसुद्धा शिरड शहापुरातच काय, औंढा, वसमत, हिंगोली, कुठेही जा, साठीच्या माणसाला कमी दिसू लागले की घरातले म्हणतात, "मोती आहे, पिकू द्या, पिकला की काढू." मोतीबिंदूच्या बाबतीत हा सल्ला जुना झाला, आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. पण ते दिसणे काचबिंदूमुळे कमी झाले असेल, तर वाट पाहण्यातली प्रत्येक वर्षे परत न मिळणाऱ्या नजरेतून वजा होत असतात.

प्रथम रोगाचे यंत्र समजून घेऊ. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून सतत बाहेर जातो. घरच्या हौदाचा नळ अखंड चालू आहे आणि मोरीही उघडी आहे, असे समजा. मोरी अर्धवट तुंबली की हौद भरत जातो. डोळा मात्र बंद गोळा असल्यामुळे पाणी सांडत नाही, आतला दाब वाढतो. हा दाब सगळीकडे सारखाच असतो, पण डोळ्याच्या मागच्या भिंतीत एक जागा नाजूक आहे. तेथे चाळणीसारख्या छिद्रांच्या पडद्यातून सुमारे दहा ते बारा लाख तंतू बाहेर पडतात आणि त्यांची मिळून दृष्टीची नस होते. दाबाचा मार याच जागी बसतो. तंतू एकेक करून मरतात आणि नसेच्या तोंडाशी वाटीसारखा खळगा पडतो.

नजर जाते तीही कडेकडून. समोरचे स्पष्ट दिसते, वर्तमानपत्र वाचता येते, नोटा मोजता येतात. बाजूने येणारी म्हैस दिसत नाही, चौकट खांद्याला लागते, जिन्याची शेवटची पायरी चुकते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली मेंदू स्वतःच्या अंदाजाने भरतो. दुखत काहीच नाही. आमच्या गावातील एक बुजुर्ग गृहस्थ, हिशेबाला अत्यंत पक्के, वर्षभर दारांवर आपटत होते. घरातले त्यांना वेंधळे म्हणून हसत. डॉक्टरांनी तपासले तेव्हा एका डोळ्याची नस जवळजवळ संपलेली होती आणि दुसऱ्याची अर्धी उरली होती. ते अखेरपर्यंत म्हणत, "मला तर दिसत होतं." आणि ते खरेच होते. एक प्रकार असाही आहे की ज्यात डोळ्याचा कोन एकाएकी बंद होतो, डोळा लाल होतो, डोके फुटायला येते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. हा रुग्ण निदान दवाखान्यात पळतो. मुका काचबिंदू मात्र कोणाला पळवीत नाही.

आता जुन्या काळाकडे वळू. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक नावाचे ख्रिस्ती वैद्य व भाषांतरकार होऊन गेले. ग्रीक वैद्यकाचे अरबीत जे प्रचंड भाषांतर झाले त्यातला मोठा वाटा त्यांचा. डोळ्यावर त्यांनी दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्या काळी अशी समजूत होती की दृष्टीची नस पोकळ असून तिच्यातून एक सूक्ष्म चैतन्य मेंदूकडून डोळ्याकडे येते. समजूत चुकीची होती. पण तिच्यातून एक उपयोगी परीक्षा निघाली. मोतीबिंदूवर सुई चालविण्यापूर्वी रुग्णाचा एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याची बाहुली मोठी होते का ते पाहायचे. होत नसेल तर नस बंद आहे, सुई लावून उपयोग नाही. भिंगाचा रोग वेगळा आणि नसेचा रोग वेगळा, हे एवढ्या लवकर त्यांनी व्यवहारात धरले होते. मूळ कल्पना ग्रीक वैद्य गॅलेनची. बगदादने ती जपली आणि पुढे दिली. पुढे अली इब्न ईसा यांनी तेथेच नेत्ररोगांचा असा ग्रंथ लिहिला की तो कित्येक शतके हकिमांच्या हाताशी राहिला. आजचे डॉक्टर बॅटरीचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नेतात आणि बाहुली कशी हलते ते पाहतात. कारणमीमांसा साफ बदलली, परंतु प्रश्न तोच आहे : नस जिवंत आहे की नाही?

त्यानंतर शेकडो वर्षे प्रगती खुंटली, कारण जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत कोणालाच पाहता येत नव्हते. हे दार जर्मनीच्या हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये उघडले. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या साध्या आरशाच्या उपकरणाने डोळ्याचा मागचा पडदा आणि नसेचे तोंड प्रथमच दिसू लागले. बर्लिनचे तरुण डॉक्टर अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी ते उपकरण हाती घेतले आणि काचबिंदूच्या रुग्णांची नस पाहिली. १८५४ मध्ये त्यांनी लिहिले की, नस फुगलेली, पुढे आलेली आहे. वर्षभरातच उलगडा झाला की हा दृष्टिभ्रम होता. एका डोळ्याने पाहताना खळगा आणि उंचवटा यांचा घोटाळा होतो. नस फुगलेली नव्हती, खचलेली होती. आपले मत त्यांनी जाहीरपणे बदलले. १८५७ मध्ये त्यांनी बुबुळाचा छोटा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया जगापुढे ठेवली आणि एकाएकी येणाऱ्या काचबिंदूचे अंधत्व प्रथमच टळू लागले.

येथे मला वाचकांना थोडे थांबवायचे आहे, कारण या हकीकतीची गाठ इथेच बसली. ग्रेफे यांच्यापुढे काही असेही रुग्ण आले की ज्यांची नस हुबेहूब तशीच खचलेली होती, नजरही जात होती, परंतु डोळा बोटाने दाबून पाहिला तर कठीण लागत नव्हता. त्या काळी दाब मोजण्याचे साधन म्हणजे डॉक्टरांची बोटे. ग्रेफे यांनी या रुग्णांना काचबिंदूच्या यादीत घेतले नाही, तो वेगळा आजार मानला. पुढे हॉलंडचे फ्रान्स डॉन्डर्स यांनी दाखविले की लाली किंवा वेदना नसताना नुसत्या दाबानेही नस जाते. तेव्हापासून काचबिंदू म्हणजे दाब, हे समीकरण पक्के झाले. समीकरण अर्धे खरे होते. अर्धे खरे समीकरण मोडायला पूर्ण खोट्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे गणिताचे शिक्षकही मान्य करतील.

औषधेही त्याच काळात आली. आफ्रिकेतल्या कलबार भागात गुन्हेगाराची परीक्षा घेण्यासाठी एक विषारी बी खायला देत. तिच्यातल्या द्रव्याने बाहुली आकसते असे एडिंबरोत दिसून आले, आणि १८७६ मध्ये स्ट्रासबर्गचे लुडविग लाक्वेर यांनी ते काचबिंदूसाठी वापरले. हे लाक्वेर स्वतः काचबिंदूचे रुग्ण होते.

या इतिहासात आपला देश कोठे, असे विद्यार्थी विचारतील. तो मद्रासला आहे. तेथील सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट हे लष्करी वैद्यकीय सेवेतले इंग्रज अधिकारी. १९०९ मध्ये त्यांनी बुबुळाच्या कडेला बारीक गोल भोक पाडून आतल्या पाण्याला बाहेर वाट करून देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. मोरी उघडत नाही ना, मग हौदाला दुसरे छिद्र पाडा, असा हा विचार. मद्रासहून ही पद्धत जगभर गेली. आज केली जाणारी शस्त्रक्रिया १९६० च्या दशकात पुढे आली, पण मुळात याच कल्पनेची नाजूक आवृत्ती आहे. त्याच इलियट यांनी गावोगाव फिरून सुईने मोतीबिंदू मागे ढकलणाऱ्या वैदूंच्या कामाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. रुग्णाला दोन दिवस दिसे, वैदू पैसे घेऊन पुढच्या गावी जाई, आणि नंतर कित्येक डोळे जंतूंनी किंवा दाब वाढून जात. निवृत्तीनंतर हे गृहस्थ लंडनमध्ये जादूगारांच्या मंडळात शिरले आणि हवेत उभ्या राहणाऱ्या दोरीचा खेळ खोटा आहे हे सिद्ध करण्याच्या मागे लागले. स्वभाव तोच!

दाबाचे मोजमापही सुधारत गेले. नॉर्वेच्या ह्याल्मार श्यॉट्झ यांनी १९०५ मध्ये डोळ्यावर ठेवण्याचे छोटे यंत्र केले आणि बोटांची जागा आकड्याने घेतली. आकडा आला की सीमा हवी. ती १९५० च्या दशकात जर्मनीत ठरली. वुल्फगांग लाइडहेकर यांनी दहा हजार निरोगी माणसांचे दाब मोजले, सरासरी काढली, संख्याशास्त्राच्या नियमाने वरची मर्यादा काढली, ती २१ च्या आसपास आली. झाले! २१ च्या खाली निरोगी, २१ च्या वर काचबिंदू. हा आकडा जगभरच्या दवाखान्यांत जाऊन बसला. तो जर्मनीतल्या माणसांच्या डोळ्यांवरून काढलेला होता, आणि सरासरीपासून किती दूर हे सांगणारा होता. नस मेली की नाही हे तो सांगत नव्हता.

दरम्यान नस किती गेली हे मोजण्याचा दुसरा रस्ता तयार होत होता. कोपनहेगनचे यानिक बियेरुम यांनी १८८९ च्या सुमारास आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू काळ्या पडद्यासारखी वापरली आणि पांढरा ठिपका फिरवून रुग्णाला कोठे दिसत नाही त्याचा नकाशा काढला. दारावरच्या या खडूच्या खेळातून आजची संगणकाची दृष्टिक्षेत्र तपासणी निघाली. पुढे अमेरिकेत हॅरी क्विगली यांनी मृत रुग्णांच्या नसेतले तंतू मोजून दाखविले की या नकाशात पहिला डाग उमटण्यापूर्वीच चाळीस टक्क्यांपर्यंत तंतू गेलेले असू शकतात. म्हणजे रुग्णाला कळण्याच्या आधी यंत्राला कळते, आणि यंत्राला कळण्याच्या आधी नस खचते.

२१ च्या आकड्याला पहिला मोठा हादरा १९६६ मध्ये बसला. वेल्समधल्या फर्नडेल या कोळसा खाणीच्या गावात हॉलोज आणि ग्रॅहम या दोघांनी चार हजारांवर लोकांचे डोळे तपासले. रुग्णालयात आलेले नव्हे, घरी बसलेले लोक. ज्यांची नजर काचबिंदूने गेली होती त्यांतल्या अनेकांचा दाब २१ च्या खालीच निघाला. ग्रेफे यांनी बाजूला ठेवलेले रुग्ण शंभर वर्षांनी परत यादीत आले.

आणि आता आपल्या दाराशी. शिरड शहापूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि परभणीतून निघून हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. पण हैदराबादशी नाते तुटले नाही. मोठा आजार निघाला की आजही कित्येक कुटुंबे तिकडची गाडी धरतात. त्याच हैदराबादेत १९८७ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था सुरू झाली. १९९६ ते २००० या काळात तेथील संशोधकांनी आंध्र प्रदेशात घरोघर जाऊन दहा हजारांवर लोकांची नेत्रतपासणी केली. त्यांनी निवडलेल्या भागांत हैदराबाद शहर होते आणि आपल्या नांदेडला लागून असलेला आदिलाबाद जिल्हाही होता.

यातल्या हैदराबाद शहराच्या २,५२२ लोकांचा हिशेब ललित दंडोना आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. सावकाश नस खाणाऱ्या काचबिंदूचे निश्चित निदान झालेले २७ जण त्यांत सापडले. या २७ पैकी आपल्याला हा रोग आहे हे आधी माहीत होते फक्त दोघांना. १४ जणांची नस निदानापूर्वीच गंभीर प्रमाणात गेलेली होती. आणि १८ जणांचा, म्हणजे तीनातल्या दोघांचा, दाब २२ च्या खाली होता. पालकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. केवळ दाब मोजून घरी पाठविले असते तर हे अठरा जण "सगळे ठीक" म्हणून घरी गेले असते. आणि ही स्थिती मोठमोठी रुग्णालये असलेल्या शहरातली आहे.

असे का व्हावे? त्याच्या उत्तराचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातच सापडला. नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे प्राध्यापक योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ मध्ये नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत तीस वर्षांवरील लोकांची तपासणी केली. शेतकरी, शेतमजूर, बायाबापड्या मिळून ४,७११ जण तपासणीला आले. बोलावलेल्यांपैकी हे ऐंशी टक्के होत. खेड्यातली माणसे तपासणीला येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. या लोकांच्या बुबुळावरच्या पारदर्शक काचेची सरासरी जाडी निघाली सुमारे ५१४ मायक्रॉन. युरोपीय लोकांत ती साधारण ५४० ते ५५० असते.

हा फरक क्षुल्लक नाही. सायकलच्या टायरवर अंगठा दाबून हवा पाहतो तेव्हा काय होते? टायर जाड असेल तर हवा कमी असूनही घट्ट लागते, पातळ असेल तर हवा असूनही मऊ लागते. दाब मोजण्याचे यंत्रही बुबुळाच्या काचेवर दाबूनच मोजते. काच पातळ असेल तर यंत्रावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. जाड काचेच्या लोकांवरून बेतलेली सीमा विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला सरसकट लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय. सगळी कहाणी काचेच्या जाडीची आहे असे मी म्हणत नाही. काहींची नस मुळातच कमी दाबाला बळी पडते. पण आकड्यावर किती विसंबायचे, हे आता स्पष्ट व्हावे.

मग दाब कमी करण्यात अर्थ नाही काय? आहे, आणि पुरेपूर आहे. ज्यांचा दाब सामान्य मर्यादेत असूनही नस जात होती अशा रुग्णांवर अनेक देशांतील डॉक्टरांनी मिळून प्रयोग केला. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचा दाब आणखी तीस टक्क्यांनी उतरविला त्यांच्यात रोग पुढे सरकला तो सुमारे १२ टक्के डोळ्यांत. तसेच ठेवलेल्यांत ३५ टक्के. म्हणजे दाब हे रोगाचे नाव नव्हे, पण आजही आपल्या हातात असलेला एकमेव लगाम तोच आहे. १९७८ पासून टिमोलॉल, १९९६ पासून लॅटानोप्रोस्ट असे थेंब आले, लेझर आले. यातले काहीही गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखते. थेंब घातल्याने काही फरक जाणवत नाही, उलट डोळा चुरचुरतो. म्हणून लोक बाटली संपली की थांबतात. फरक न जाणवणे हेच औषधाचे यश आहे, ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावणे वाटते तितके सोपे नाही.

दोन गोष्टी खास पालकांसाठी. हा रोग रक्तातून चालतो. आई-वडील किंवा भाऊ-बहिणींपैकी कोणाला काचबिंदू असेल तर इतरांचा धोका कित्येक पट असतो. जन्मजात काचबिंदूच्या एका प्रमुख जनुकाचा शोध १९९७ मध्ये लागला, आणि तो रोग जवळच्या नात्यातल्या लग्नांतून जास्त उतरतो. आपल्याकडे चुलत-मावसभावंडांत लग्ने होतात, मराठवाड्यातल्या इतर समाजांत मामाच्या मुलीशी होतात. त्यामुळे यात एकमेकांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. तान्ह्या बाळाचे डोळे नेहमीपेक्षा मोठे दिसत असतील, सारखे पाणी येत असेल, उजेडात ते डोळे मिटून घेत असेल, तर "किती टपोरे डोळे" म्हणून दृष्ट काढत बसू नये. अशा बालकांवरील कामासाठी हैदराबादचे डॉ. अनिल कुमार मंडल यांना २००३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. म्हणजे उपचार दूर परदेशात नाहीत. दुसरी गोष्ट, मुलांचे डोळे उन्हाळ्यात खाजतात म्हणून मेडिकलवरून आणलेली स्टेरॉइडची बाटली. तिने खाज जादूसारखी थांबते, आणि महिनोन्महिने घातली तर कित्येक मुलांत दाब वाढून नस जाते. बारा वर्षांच्या मुलालाही काचबिंदू असा होऊ शकतो.

देशात चाळिशीपुढचे काचबिंदूचे रुग्ण सुमारे १ कोटी १२ लाख असावेत, असा अंदाज २०१० मध्ये संशोधकांनी मांडला. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूची गावोगाव शिबिरे केली, त्याचे उपकार मोठे आहेत. पण शिबिरात मोती पाहिला जातो. मोती नाही म्हटल्यावर माणूस निर्धास्त परततो. प्रयोगशाळांत नस पुन्हा वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत, २०२० मध्ये उंदरांत काहीसे यशही आले. माणसापर्यंत ते आलेले नाही, तेव्हा नस जोडून देतो अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवावेत.

चाळिशी आली की वाचायला चष्मा लागतोच. त्या नंबराच्या निमित्ताने नेत्रतज्ज्ञांकडे गेलात की दाबाबरोबर नसही पाहायला सांगा. आधी पुढून डोळ्याचा कोन पाहतात, मग बाहुली मोठी करणारा थेंब टाकून अर्धा तास बसवितात आणि नसेचा खळगा पाहतात. जमल्यास फोटो काढून देतात. तो कागद जपून ठेवावा, कारण पुढच्या वर्षीच्या नसेची तुलना त्याच्याशीच होणार असते. थेंबानंतर चार-पाच तास जवळचे अक्षर लागत नाही आणि ऊन सोसवत नाही, म्हणून मोटारसायकलवर एकट्याने जाऊ नये. घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी बरोबर न्यावी.